२७ जानेवारी ते १ फेब्रुवारी : तीन अपघात आणि एक सवय

अमेरिकेच्या अवकाशसंशोधनाच्या इतिहासातील तीन मोठे अपघात दिनदर्शिकेच्या एकाच आठवड्यात येतात. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या कुपीत जमिनीवरच आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात विखुरले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर असलेले कोलंबिया टेक्सासच्या आकाशात तुटले. मध्ये १९ आणि १७ वर्षांचे अंतर, तारखा मात्र एकमेकींना खेटून. या १७ जणांच्या स्मृतीसाठी नासा दर वर्षी जानेवारीच्या उत्तरार्धात एक स्मरणदिन पाळते. पुष्पचक्रे वाहिली जातात, नावे वाचली जातात, क्षणभर स्तब्धता पाळली जाते.

त्या तिसऱ्या तारखेला, शनिवारी संध्याकाळी, मी पुण्यात होते. पत्रकारितेच्या पदवीचे शेवटचे वर्ष होते. भारतीय वेळेप्रमाणे कोलंबिया पावणेआठच्या सुमारास फ्लोरिडात उतरायचे होते आणि आमच्या घरमालकीण काकूंनी मला मुद्दाम खाली बोलावून घेतले होते. "अगं ये, आपली कल्पना उतरते आहे आज," असे त्या म्हणाल्या. काकू कधी कर्नालला गेल्या नव्हत्या, विमानातही बसल्या नव्हत्या. पण 'आपली' या शब्दाला त्या दिवशी भारतभर काही अर्थ होता. कर्नालमध्ये तिच्या जुन्या शाळेतही मुले आनंद साजरा करण्यासाठी जमली होती. मग दूरदर्शन संचावर निळ्या आकाशात एका पांढऱ्या रेषेच्या अनेक रेषा झाल्या आणि निवेदकाचा आवाज बदलला. पुढच्या आठवड्यात आम्ही विद्यार्थ्यांनी जे वाचले आणि जे लिहिले, त्यात शौर्य होते, स्वप्न होते, देशाचा अभिमान होता. 'का' हा शब्द त्या मजकुरात फारच थोड्या वेळा आला, हे आज जुनी कात्रणे चाळताना जाणवते.

या लेखाचा विषय तो 'का' आहे. कारण या तिन्ही अपघातांविषयी एक गोष्ट सहसा विसरली जाते. अंतराळातल्या कुठल्याही अज्ञात शक्तीने या १७ जणांचा बळी घेतलेला नाही. तिन्ही वेळा धोका ज्ञात होता, कागदावर होता, त्यावर बैठकाही झाल्या होत्या.

आधी स्मारकाविषयी थोडे. फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्राच्या अभ्यागत संकुलात काळ्या, चकाकत्या ग्रॅनाइटची एक प्रचंड भिंत उभी आहे; उंची सुमारे १३ मीटर, रुंदी १५ मीटर. 'अवकाश आरसा' या अर्थाचे नाव असलेले हे स्मारक १९९१ मध्ये खुले झाले. दगडात नावे आरपार कोरलेली आहेत, म्हणजे मागून प्रकाश आला की भोवतीच्या ढगांच्या प्रतिबिंबात ती उजळून दिसावीत. मूळ योजनेत ही अजस्र भिंत सूर्याच्या दिशेनुसार फिरत असे. काही वर्षांनी ती यंत्रणा बिघडली. दुरुस्तीसाठी लागणारी मोठी रक्कम शिक्षणाच्या कामी खर्च करावी, असे स्मारक सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने ठरवले. आता भिंत स्थिर आहे आणि नावांमागे विजेचे दिवे आहेत. मला हा निर्णय मूळ कल्पनेपेक्षाही अधिक शहाणपणाचा वाटतो.

भिंतीवर केवळ त्या १७ जणांचीच नावे नाहीत. १९६४ मध्ये प्रशिक्षण विमानाला हंसपक्षी धडकल्यामुळे गेलेले थिओडोर फ्रीमन तिथे आहेत. अंतराळवीर म्हणून निवड झालेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन रॉबर्ट लॉरेन्स तिथे आहेत. तेही १९६७ मध्ये विमान अपघातातच गेले, अंतराळात पोहोचलेच नाहीत. एकट्या १९६७ या वर्षाने या भिंतीवर कितीतरी ओळी वाढवल्या आहेत.

त्या वर्षाची सुरुवात अपोलो-१ ने झाली. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे त्या दिवशी उड्डाण करणारच नव्हते. अग्निबाणात इंधन भरलेले नव्हते. बाहेरचा वीजपुरवठा तोडून यान स्वतःच्या बळावर चालते का, एवढीच चाचणी होती आणि इंधन नसल्यामुळे तिची गणना धोकादायक चाचण्यांत झालेली नव्हती. कुपीत मात्र शुद्ध प्राणवायू भरलेला होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा किंचित अधिक दाबाने. अशा वातावरणात एरवी धुमसत राहणारी वस्तूही भडकून पेटते. आत नायलॉनच्या जाळ्या होत्या, वेल्क्रोच्या पट्ट्या होत्या, मैलोगणती तारा होत्या. कुठेतरी ठिणगी पडली. आगीची पहिली सूचना आल्यापासून १७ सेकंदांत कुपीतला आवाज थांबला. दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा होता. आगीने आतला दाब वाढताच तो माणसाच्या ताकदीने उघडणे अशक्य झाले. अन्यथाही तो उघडायला किमान दीड मिनिट लागे. बाहेरच्या तंत्रज्ञांना तो उघडेपर्यंत सुमारे पाच मिनिटे गेली होती.

शुद्ध प्राणवायू वापरण्यात नवे काहीच नव्हते. मर्क्युरी आणि जेमिनी या आधीच्या मोहिमांतही तळावरच्या चाचण्या तशाच होत आणि कधी काही घडले नव्हते. 'कधी काही घडले नव्हते' हे वाक्य आपल्याला पुढे आणखी दोनदा भेटणार आहे.

ग्रिसम यांना यान पसंत नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. अपघाताच्या काही दिवस आधी त्यांनी आपल्या अंगणातले एक लिंबू तोडून नेले आणि सराव-यानावर टांगले. अमेरिकेत सदोष यंत्राला लिंबू म्हणतात. आपल्याकडे लिंबू टांगतात ते दृष्ट लागू नये म्हणून. हा प्रसंग वाचताना मराठी मनात दोन्ही अर्थ एकदमच उभे राहतात.

त्या आगीनंतर जे बदलले ते ठोस होते. काही सेकंदांत बाहेर उघडणारा दरवाजा आला. तळावर असताना कुपीत प्राणवायू आणि नायट्रोजन यांचे मिश्रण वापरले जाऊ लागले. पेट घेणारे पदार्थ काढून काचतंतूचे कापड आले. अडीच वर्षांनी माणूस चंद्रावर उतरला तो या बदललेल्या यानातून.

सोव्हिएत संघाची दुःखे याच काळातली, पण ती बराच काळ पडद्याआड राहिली. एप्रिल १९६७ मध्ये सोयुझ-१ चे मुख्य हवाई छत्र उघडले नाही आणि व्लादिमीर कोमारोव्ह जमिनीवर आदळून मृत्यू पावले. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ परतत असताना सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर यानाचे भाग वेगळे होण्याच्या धक्क्याने दाब समतोल राखणारी एक झडप अवेळी उघडली. कुपीतली हवा निघून गेली. दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह यांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते, कारण तिघांना पोशाखांसह बसण्याइतकी जागाच त्या कुपीत नव्हती. कुपी ठरल्याप्रमाणे कझाकस्तानात अलगद उतरली. आत तिघेही मृत. आजवर प्रत्यक्ष अंतराळात मरण पावलेली माणसे हीच तीन. त्यानंतर कित्येक वर्षे सोयुझमधून दोघेच जात, पण पोशाख घालून.

आता चॅलेंजर. अभियंते आणि व्यवस्थापक असलेल्या वाचकांनी इथे जरा रेंगाळावे, असे मला वाटते.

स्पेस शटलच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन बूस्टर असत. ते यूटा राज्यात तयार होत आणि रेल्वेने फ्लोरिडात येत. एवढा लांब नळा रेल्वेने अखंड आणता येत नाही, म्हणून तो खंडाखंडांत येई आणि तळावर जोडला जाई. (इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या घन इंधनाच्या अग्निबाणांची आवरणे बनतात. त्या परिसरातून परदेशी आलेल्या वाचकांना खंड आणि सांधा ही भाषा नवी नसावी. गगनयानासाठी निवडलेल्या अग्निबाणाचे बूस्टरही असेच खंडांचे आहेत.) दोन खंडांच्या सांध्यातून तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून तिथे रबराची दोन वर्तुळाकार कडी बसवत, जाडी सुमारे ७ मिलिमीटर, वर्तुळाचा व्यास मात्र साडेतीन मीटरांहून अधिक. बूस्टर पेटला की आतल्या दाबाने नळा किंचित फुगतो आणि सांध्याची फट क्षणभर रुंदावते. त्याच क्षणी रबराने पसरून ती फट भरायची असते. थंडीत रबर कडक होते आणि पसरायला उशीर करते. सगळी शोकांतिका या एका वाक्यात आहे.

कडी जळाल्याच्या खुणा १९८१ पासूनच परत आलेल्या बूस्टरांत दिसत होत्या. मूळ आराखड्यात कडी जराही जळणे अपेक्षित नव्हते. पण जळूनही यान सुखरूप परतले. पुढच्या वेळी थोडी अधिक जळूनही परतले. मग 'इतपत जळणे चालते' असा एक अलिखित नियम तयार झाला. जानेवारी १९८५ मधील उड्डाण तोवरचे सर्वांत थंड, सुमारे १२ अंश सेल्सियसचे, आणि त्यात कड्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी पुढे या वृत्तीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातली कल्पना मराठीत 'विचलनाचे सामान्यीकरण' अशी सांगता येईल. आजीच्या भाषेत सांगायचे तर गळणाऱ्या छताखाली बादली ठेवायची सवय लागली की छत गळते आहे हे घरातल्यांच्या लक्षातच येत नाही.

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडण्याचा अंदाज आला. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल या कंपनीचे अभियंते यूटात, नासाच्या मार्शल केंद्राचे अधिकारी अलाबामात आणि बाकीचे केनेडी केंद्रात अशी दूरध्वनीवर बैठक झाली. रॉजर बोइजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की १२ अंशांच्या खाली उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकलले गेले होते. कंपनीने थोडा वेळ मागून घेतला आणि सुमारे अर्धा तास आपापसात चर्चा केली. त्या खोलीत शेवटी चार व्यवस्थापकांनी मत दिले. अभियंत्यांना विचारलेच गेले नाही. चौघांपैकी एकजण अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते आणि ते कचरत होते. त्यांना वरिष्ठांनी सुचवले की आता अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. टोपी बदलली. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी मंजुरीच्या कागदावर सही करण्यास नकार दिला. सही यूटातून दुसऱ्याने केली.

सकाळी तळावर बर्फाचे सुळके लोंबत होते. उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे २ अंश होते. पेटल्यापासून एका सेकंदाच्या आत उजव्या बूस्टरच्या सांध्यातून काळा धूर आला, पण तो कोणाला त्या वेळी दिसला नाही. जळलेल्या इंधनाच्या राखेने फट तात्पुरती बुजली असावी. सुमारे ५८ व्या सेकंदाला ज्वाला दिसू लागली आणि ७३ व्या सेकंदाला सारे संपले. डिक स्कोबी, मायकेल स्मिथ, जुडिथ रेझनिक, एलिसन ओनिझुका, रोनाल्ड मॅकनेअर, ग्रेगरी जार्व्हिस आणि ख्रिस्टा मॅकऑलिफ. यातल्या मॅकऑलिफ न्यू हॅम्पशायरमधील शाळाशिक्षिका होत्या. ११ हजारांहून अधिक अर्जांतून त्यांची निवड झाली होती, म्हणूनच त्या सकाळी देशभरच्या वर्गांत मुले दूरचित्रवाणीसमोर बसलेली होती.

बहुतेकांना वाटते की तो स्फोट होता आणि सातही जण त्याच क्षणी गेले. ते खरे नाही. बाह्य टाकी फुटून यान हवेच्या माऱ्याने तुटले, पण अंतराळवीरांची केबिन बरीचशी अखंड बाहेर फेकली गेली आणि तिला समुद्रावर आदळायला आणखी अडीच मिनिटांहून अधिक काळ लागला. आपत्कालीन हवेचे किमान तीन संच कोणीतरी हाताने सुरू केलेले आढळले. ते कितपत शुद्धीवर होते हे ठरवता आले नाही. सुटकेची कोणतीही व्यवस्था त्या यानात नव्हती. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोने गगनयानाच्या सुटका यंत्रणेची पहिली उड्डाण चाचणी घेतली, कुपी अग्निबाणापासून दूर खेचली गेली आणि हवाई छत्रांनी समुद्रात उतरली. तेव्हा बातमी लिहिताना मला ही अडीच मिनिटे आठवत होती.

चौकशी आयोगापुढे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात रबराचा तुकडा बुडवून दाखवला तो प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यांच्या परिशिष्टातला एक आकडा मात्र मला त्या पेल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. शटलचा विनाशक अपघात होण्याची शक्यता किती, असे विचारल्यावर व्यवस्थापनाचे उत्तर १ लाखात एक होते. काम करणाऱ्या अभियंत्यांचे उत्तर शंभरात एकच्या आसपास होते. शटलची एकूण १३५ उड्डाणे झाली आणि दोन याने गेली. हिशेब वाचकांनीच करावा.

कोलंबियाची कथा अधिक अस्वस्थ करते, कारण ती चॅलेंजरनंतरची आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण झाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य टाकीवरच्या उष्णतारोधक फोमचा एक तुकडा निघाला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने आदळला. तुकड्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास होते. दुसऱ्या दिवशी चित्रफितीत तो दिसला. फोम निघणे नवे नव्हते. जवळजवळ प्रत्येक उड्डाणात थोडाफार निघे आणि परतल्यावर यानाची दुरुस्ती होई. सुरक्षिततेचा प्रश्न हळूहळू देखभालीचा प्रश्न झाला होता. आदल्या ऑक्टोबरमध्येच टाकीच्या त्याच जागेवरून निघालेला मोठा तुकडा एका बूस्टरला लागला होता, तरी पुढची उड्डाणे झाली.

नासातील काही अभियंत्यांना स्वस्थता वाटेना. लष्करी उपग्रहांच्या वा दुर्बिणींच्या साहाय्याने पंखाची छायाचित्रे घ्यावीत, अशी मागणी तीन वेगवेगळ्या मार्गांनी पुढे गेली आणि तिन्ही मार्ग बंद झाले. गंमत म्हणावी की क्रूर विनोद, वरून प्रश्न आला की छायाचित्रे हवीतच हे सिद्ध करा. म्हणजे यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर नव्हती; ते असुरक्षित आहे हे अभियंत्यांनी सिद्ध करायचे होते, आणि त्यासाठी लागणारी छायाचित्रे मात्र मिळणार नव्हती.

दरम्यान कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी एक विश्लेषण सादर केले. त्यातली एक सरकचित्राची पाटी पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात जशीच्या तशी छापली गेली. मथळा वाचून सारे ठीक आहे असे वाटे. त्याखाली ओळी, त्या ओळींखाली उपओळी, त्यांखाली आणखी बारीक अक्षरे. अगदी तळाशी लिहिले होते की निघालेल्या तुकड्याचे आकारमान १९२० घन इंच आहे आणि ज्या चाचण्यांवर निष्कर्ष आधारला आहे त्यातील तुकडे ३ घन इंचांचे होते. ६४० पटींचा फरक! सात माणसांचे भवितव्य एका पाटीच्या शेवटच्या ओळीत, सर्वांत लहान टायपात पडून होते. सादरीकरणांवर ज्यांचे दिवस जातात अशा आपल्यापैकी अनेकांनी ती पाटी एकदा डोळ्यांखालून घालावी. माझ्या यजमानांच्या कार्यालयात ती सुरक्षा प्रशिक्षणात दाखवतात. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा जेवताना फारसे बोलले नाहीत.

खुद्द अंतराळवीरांना २३ जानेवारीला ई-मेलने कळवले गेले की फोम लागला आहे, चिंतेचे कारण नाही. कमांडर रिक हजबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन आणि कल्पना चावला. १ फेब्रुवारीच्या सकाळी परतताना पंखातल्या भोकातून अतितप्त वायू आत शिरला आणि पंख आतून वितळत गेला. उतरायला जेमतेम १६ मिनिटे उरली असताना संपर्क तुटला.

वाचवता आले असते का? चौकशी मंडळाच्या सांगण्यावरून नासानेच याचा अभ्यास केला. सुरुवातीलाच नुकसान कळले असते तर कोलंबियावरची हवा काटकसरीने १५ फेब्रुवारीपर्यंत पुरवता आली असती आणि रात्रंदिवस काम करून अटलांटिस १० फेब्रुवारीपर्यंत सोडता आले असते. अत्यंत जोखमीचे, पण शक्य. त्या वर्षी जुलैमध्ये सॅन अँटोनियो येथील प्रयोगशाळेत तेवढाच फोमचा तुकडा तोफेतून पंखाच्या कडेवर सोडला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचे भोक पडले. हलका फोम काय करणार, असे म्हणणारे तिथे हजर असलेले लोक अवाक् झाले.

अवशेष पूर्व टेक्सासच्या पाइनच्या जंगलांत आणि लुईझियानात विखुरले होते. हेम्फिल या छोट्या गावाभोवती अंतराळवीरांचे देहावशेष सापडले. मी काही वर्षांपूर्वी ह्यूस्टनहून गाडीने तिथे गेले होते. रस्ता अरुंद होत जातो, झाडे दाट होत जातात. २००३ च्या त्या चिखलाच्या, पावसाच्या दिवसांत देशभरातून आलेल्या वणवा-शमन पथकांनी हातभर अंतरावर रांगा धरून हे जंगल पायी पालथे घातले. २५ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि सुमारे ८४ हजार तुकडे, म्हणजे यानाच्या वजनाच्या ३८ टक्के, गोळा झाले. गावातल्या स्त्रियांनी माजी सैनिकांच्या सभागृहात या अनोळखी माणसांना आठवडेच्या आठवडे रांधून घातले. २७ मार्चला शोधकार्यातील एक हेलिकॉप्टर कोसळून दोघे मृत्युमुखी पडले. कोलंबियाचे मृत सात मोजताना ते दोघे सहसा मोजले जात नाहीत.

कल्पना चावला आपल्यातल्या अनेकांना जवळची वाटते त्याचे कारण केवळ भारतीयत्व नसावे. चंदीगडहून अभियांत्रिकीची पदवी, मग टेक्सासच्या आर्लिंग्टनला पदव्युत्तर शिक्षण, कोलोरॅडोत डॉक्टरेट, मग नोकरी आणि नागरिकत्व. या वाटेवरची प्रत्येक पायरी इथल्या हजारो मराठी घरांत ओळखीची आहे. भारताने आपल्या हवामान उपग्रहाला 'कल्पना-१' हे नाव दिले. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये ज्या ७४ व्या रस्त्यावर आपण वर्षानुवर्षे पोहे, कोकम आणि हळदीकुंकवाचे सामान आणायला जातो, त्या रस्त्याला तिचे नाव आहे. किती जणांनी ती पाटी मान वर करून वाचली असेल? मी स्वतः चौथ्या खेपेला वाचली.

कोलंबियानंतरही सवय लगेच सुटली नाही, हे नमूद केले पाहिजे. जुलै २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या पहिल्याच उड्डाणात टाकीवरून फोमचा मोठा तुकडा निघाला; सुदैवाने तो यानाला लागला नाही. उड्डाणे आणखी वर्षभर थांबली. पुढे प्रत्येक वेळी कक्षेत पोहोचल्यावर यानाची तपासणी होऊ लागली आणि मदतीसाठी दुसरे यान सज्ज ठेवण्याची पद्धत आली. २०११ मध्ये शटल कायमचे निवृत्त झाले.

चंद्रावर एक छोटे स्मारक आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी बेल्जियन शिल्पकार पॉल फान हुयडोंक यांनी घडवलेली साडेआठ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची मानवाकृती तिथल्या धुळीत ठेवली आणि शेजारी १४ नावांची पट्टी. शीतयुद्ध ऐन भरात असताना त्या पट्टीवर अमेरिकन आणि सोव्हिएत नावे वर्णानुक्रमाने एकत्र आहेत. महिन्याभरापूर्वीच गेलेले सोयुझ-११ चे तिघेही त्यात आहेत. रॉबर्ट लॉरेन्स यांचे नाव मात्र नाही. व्हॅलेंटिन बोंदारेन्को यांचेही नाही. हा सोव्हिएत प्रशिक्षणार्थी मार्च १९६१ मध्ये प्राणवायूने भरलेल्या चाचणी-कक्षातील आगीत होरपळून गेला होता. तो मृत्यू त्या देशाने १९८६ पर्यंत गुप्त ठेवला. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी प्राणवायूच्या कुपीत बसले त्याच्या जवळजवळ सहा वर्षे आधी.

अगदी अलीकडची एक घटना सांगून थांबते. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून अवकाशस्थानकावर गेले. वाटेत यानाचे काही लहान इंजिन बिघडले आणि हेलियमची गळती दिसली. यान दोघांना सुखरूप परत आणेल, असे कंपनीचे मत होते. नासाच्या अभियंत्यांचे एकमत होत नव्हते. २४ ऑगस्टला नासाने जाहीर केले की यान रिकामे परत येईल. निर्णय सांगताना नासाच्या प्रमुखांनी चॅलेंजर आणि कोलंबिया यांची नावे घेतली आणि त्या वेळी लोकांना बोलू दिले गेले नव्हते, याची आठवण दिली.

७ सप्टेंबरला स्टारलायनर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अलगद, अगदी ठरल्या जागी उतरले. त्या आठवड्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, आरतीनंतर पंगतीत बसलेले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "बघा, काही झालं नाही. उगाच घाबरले. दोघांना आणता आलं असतं की." माझ्या शेजारी बसलेल्या तरुण अभियंता मुलीने वाटीतली आमटी ढवळणे थांबवले आणि शांतपणे विचारले, "काका, फोम किती वेळा पडूनही काही झालं नव्हतं?"

सुनीता आणि बुच १८ मार्च २०२५ रोजी दुसऱ्या यानातून फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरले.